गोव्यात आहेस म्हणजे सुट्टीवरच असणार!

सल्ला मागणारं या वेळचं पत्र इंग्लंडमधल्या स्विंडनहून नाही, गोव्यातल्या कवळ्याहून आलंय. म्हणजे पत्र लिहिणारी राहते स्विंडनला, पण यंदा, 2025ला, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आल्यामुळे तिकडच्या शाळांची उन्हाळी सुट्टी आणि आपली चवथ बरोब्बर जुळली, म्हणून मुलांना घेऊन चार आठवडे माहेरी आलीय, त्यातले दोन सुट्टीचे आणि दोन इथूनच लॅपटॉपवर काम करायचे, ऑफिसला विचारून. आईशी कोंकणी, मुलांशी इंग्लिश, आणि मनातलं लिहायचं तर मराठी, असं आपल्या फोंड्याकडच्या घराघरातलं असतं तसंच तिचंही, त्यामुळे पत्र मराठीत. लांबलचक आहे, मी जरा कापून देते.

"काकी, मी आणि एक कलीग दोघांनी मिळून एका क्लायंटचं काम घेतलंय. तो डेटा साफ करून देणार, मी त्यावरून डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका नजरेत दिसतील असा तक्ता, करणार. त्याने डेटा 20 तारखेला, बुधवारी द्यायचा आणि मी शुक्रवारी 22ला डॅशबोर्ड द्यायचा असं ठरलेलं. त्याने दिला शुक्रवारी त्यांच्या संध्याकाळी सहाला, इथे रात्रीचे साडेदहा, आणि त्यातपण कॉलम दोनदा बदलले. मी शनिवार-रविवार बसले, घरात चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) चाललेल्या आणि मी खोलीत. मंगळवारी सकाळी अकराला पाठवून दिला. मग 27 आणि 28 माझी सुट्टी होती, आधीच सांगितलेली. शुक्रवारी 29ला मीटिंग, बॉस पण होता, आणि हा सगळ्यांसमोर हसत हसत म्हणतो की ती गोव्याला गेल्यापासून काम जरा हॉलिडे स्पीडने चाललंय, डॅशबोर्ड चार दिवस लेट झाला. सगळे हसले. मी काहीच बोलले नाही. नंतर त्याने मीटिंगचा मेल पाठवला त्यातपण गोव्याच्या बाजूने उशीर असंच लिहिलंय. मिस्टर म्हणतात सोडून दे, कशाला वाद. आई म्हणते तोंडावर बोलायला हवं होतंस. आणि धाकटी काकी म्हणते, चवथीला आली आणि चार दिवस लॅपटॉप घेऊन दार लावून बसली. मी काय करू?"

अगे बाय, आधी हे सांग, तिकडच्यांना वाटतं तू सुट्टीवर आहेस आणि इकडच्यांना वाटतं तू सुट्टी घेतलीच नाहीस, म्हणजे दोन्हीकडून मार! ढोलकीसारखं.

मी पत्र वाचल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे कॅलेंडर काढलं. तूपण काढ. 25 ऑगस्ट, सोमवार, तिकडे बँक हॉलिडे, ऑगस्टचा शेवटचा सोमवार इंग्लंडमध्ये सुट्टीचाच असतो. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सहाला डेटा आला, त्यानंतर शनिवार, रविवार, सोमवार तिन्ही दिवस तिकडे ऑफिस बंद, आणि मंगळवारी तू अकराला पाठवलंस म्हणजे त्यांचे सकाळचे साडेसहा. कुणी ऑफिसात पोचायच्या आधी! तुमच्या मध्ये कामाचा एकही दिवस गेलेला नाही, तो ज्याला चार दिवस म्हणतो ते चारही त्याच्याच उशिराच्या पोटातून आलेत. हे तू मला पत्रात लिहिलं नाहीस, कारण तुला "हॉलिडे स्पीड" हा शब्द लागला आणि तू त्या शब्दालाच धरून बसलीस. बाय, शब्दाशी भांडायला गेलीस तर तो म्हणणार अगं गंमत केली, आणि मग तूच चिडकी ठरणार. तारखांशी मात्र गंमत करता येत नाही.

आता तू गप्प का बसलीस ते. पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की मीटिंग तिकडच्या तीनची म्हणजे इथे साडेसात, शेजाऱ्यांकडे पाच दिवसांचा गणपती, आरती सुरू झालेली, घुमट आणि शामेळ ही आरतीची वाद्यं अशी काही घुमत होती की माइक चालू केला असता तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं आणि "बघा सुट्टीच चाललीय" हेच सिद्ध झालं असतं म्हणून तू म्यूटवरच राहिलीस. वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण त्या स्क्रीनवरच्या खिडक्यांत बसलेल्या माणसांना घुमट ऐकू आलं नाही ना, त्यांना दिसलं काय, तर एक आरोप झाला आणि जिच्यावर झाला ती मान डोलवत राहिली.

इथेच आपली माणसं बाहेर मार खातात. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, चारचौघात उलट बोलू नये, खरं काय ते आपोआप बाहेर येतं. मी नव्वदच्या दशकात मस्कतला एका ऑफिसात अकाउंट्सला होते. स्टॉकच्या हिशोबात फरक आला, बरोबरच्या माणसाने मॅनेजरसमोर सांगितलं की एंट्री माझी. एंट्री त्याचीच होती. मी गप्प, म्हटलं फाइल बघतील तेव्हा कळेलच. फाइल कोण बघतंय! वर्षाच्या शेवटी माझ्या रिपोर्टात "हिशोबात निष्काळजी" असं लिहून आलं, मी मॅनेजरकडे गेले तर तो शांतपणे म्हणाला, त्या दिवशी तू काही म्हणाली नाहीस, मी समजलो तुला मान्य आहे. त्याची चूक नव्हती हो. मला राग त्या कलीगचा जेवढा आला त्याहून जास्त माझा आला, आणि अजून येतो.

त्यामुळे मिस्टरांना सांग की सोडून द्यायला हरकत नव्हती, जर तो नुसता बोलला असता. बोललेलं वाऱ्यावर जातं. पण त्याने मेलमध्ये लिहिलंय, आणि लिहिलेलं अप्रेझलच्या वेळी बरोबर वर येतं. त्या मेलला उत्तर न देणं म्हणजे त्यावर सही करण्यासारखं आहे.

आईचंही ऐकू नको पण. तोंडावर बोलायला हवं होतं हे खरं, पण आता ती वेळ गेली, आता मुद्दाम मीटिंग गाठून बोललीस तर आठवडाभर मनात कुढत होती असं दिसणार.

तर मी काय करेन ते सांगते. आधी त्याला एकट्याला फोन, व्हिडिओवर, चॅटवर नको. कारण समजा त्याला खरंच बँक हॉलिडेचा विसर पडला असेल, तर त्याला सुधारायची एक संधी द्यायला पाहिजे, आणि नसेल पडला तर त्याला कळू दे की तुझ्याकडे तारखा आहेत. म्हणायचं एवढंच: डेटा 20ला यायचा होता तो 22ला संध्याकाळी आला, कॉलम दोनदा बदलले, मी मंगळवारी सकाळी साडेसहाला दिला, तर मेलमध्ये गोव्याच्या बाजूने उशीर लिहिलंय ते दुरुस्त करशील का. बस. "तू मला सगळ्यांसमोर असं का बोललास" हे पहिल्या फोनमध्ये नको. ते तो दुरुस्ती करायला तयार झाला की मग, हसत म्हण, की इथे बीच नाही, बीच माझ्या घरापासून तासभर लांब आहे आणि चार आठवड्यांत मी तिथे एकदाही गेले नाही, दिवसभर पाऊस बघतेय! गोवा म्हटलं की या लोकांच्या डोळ्यासमोर कळंगूटच येतं, फोंड्यात देवळं आणि चिखल असतो हे त्यांना कोण सांगणार.

आणि एक, तो "विथ रिस्पेक्ट" म्हणून सुरुवात करायला लागला तर खूश होऊ नको. इंग्रज माणूस असं म्हणाला की पुढे तो तुझं म्हणणं खोडणार असतो.

त्याने केलं दुरुस्त तर संपला विषय. दोन दिवसांत नाही केलं तर तूच त्या मेलला सगळ्यांना रिप्लाय कर, बॉसला वेगळा मेल करून रडगाणं नको, त्याच धाग्यात, चार ओळी. मराठीत साधारण असा, इंग्लिश तूच कर: "मीटिंगच्या नोंदीत एक दुरुस्ती. डेटा 20ऐवजी 22 ऑगस्टला संध्याकाळी सहाला मिळाला, नंतर रचना दोनदा बदलली. डॅशबोर्ड पुढच्या पहिल्या कामाच्या दिवशी, 26ला सकाळी साडेसहाला दिला. पुढच्या टप्प्यासाठी डेटा कोणत्या तारखेला फ्रीझ होणार, म्हणजे त्यानंतर बदलणार नाही, ते आज ठरवूया." शेवटची ओळ महत्त्वाची, त्याने मेल तक्रारीचा न राहता कामाचा होतो. "मला वाईट वाटलं", "हे अन्यायाचं आहे", हे शब्द काढून टाक, ते माझ्यासाठी ठेव.

आणि पाठवायच्या आधी फाइलची हिस्टरी उघडून बघ, कोणी कधी काय बदललं ते त्यात वेळेसकट असतं. म्हार्दोळ-मंगेशीकडच्या जत्रांतली मराठी नाटकं तू लहानपणी बघितलीयस ना, माझ्या गावातही व्हायची, नाटक पडलं की दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानावर दोषी कोण, तर प्रॉम्प्टर. एका वर्षी मी होते विंगेत. राजाने अख्खं पान गाळलं आणि सकाळी सांगत फिरला की हिने उचलून दिलं नाही. पण माझ्या प्रतीवर तालमीतल्या प्रत्येक कापाकापीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, तारखेसकट, त्या पानावर एकही काट नव्हती. दिग्दर्शकाने प्रत बघितली आणि काही न बोलता राजाकडे बघितलं. तुझी हिस्टरी ती पेन्सिल.

आता तुला न आवडणारं. त्याचं नव्वद टक्के खोटं असलं तरी दहा टक्क्यांत काहीतरी आहे. पहिल्या आठवड्यात दोन कॉल मध्येच तुटले असं तूच लिहिलंयस, लाइट गेली आणि राउटर बंद. पावसात लाइट जाते हे तुला तिथे स्विंडनला बसूनही माहीत होतं की नाही? मग इन्व्हर्टरवर राउटर लावून घ्यायचा होता, फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवायचा होता, आणि टीमला आधी सांगायचं होतं की कॉल तुटला तर पाच मिनिटांत फोनवरून येते. हे तू फोनमध्ये स्वतःहून कबूल कर, त्याने विचारायच्या आधी. एक खरी चूक मान्य केलेल्या माणसाचं बाकीचं म्हणणं ऐकलं जातं.

इथून काम करायची परवानगी लेखी आहे ना? तोंडी असेल तर आजच मेलवर घे, कारण गोष्ट पुढे गेली तर हाच धागा ओढला जाईल.

पुढे जाईल असं मला वाटत नाही, पण गेलीच आणि पुन्हा पुन्हा व्हायला लागलं तर बॉस, मग एचआर, आणि त्याआधी एकॅस (Acas) नावाची संस्था आहे तिकडे, कामाच्या ठिकाणच्या भांडणांवर फुकट सल्ला देते, फोन करायला लाजू नको. टोमणा आळसावरून तुझ्या देशावर किंवा रंगावर घसरायला लागला तर तो नुसता टोमणा राहत नाही, 2010च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये वर्ण, राष्ट्रीयत्व, वंश सगळं येतं, तेव्हा तारीख आणि शब्द जसेच्या तसे वहीत लिहून ठेव. एका चेष्टेवरून लगेच तिथे उडी मात्र मारायची नाही. आपले पुष्कळजण गप्प बसतात ते व्हिसाच्या भीतीने, आणि स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी गेली तर साधारण 60 दिवसच हातात राहतात म्हणून ती भीती अगदीच खोटी नाही. पण तू पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली, सेटल्ड स्टेटस म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी मिळालेली, तुझ्या डोक्यावर ही तलवार नाही. मग घाबरतेस कशाला?

राहिली धाकटी काकी. तिच्याशी तारखा-बिरखा चालणार नाहीत. तिला खोलीत बोलव, स्क्रीन दाखव, सांग की इथे दीडला बसते ती रात्री साडेनऊला उठते. आमच्या पिढीला दार लावून बसलेली बाई म्हणजे एकतर आजारी नाहीतर रुसलेली एवढंच माहीत, काम करणारी असते हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. आणि माटोळी, म्हणजे गणपतीवर बांधलेली फळाफुलांची चौकट, उतरवताना हजर राहा, तेवढ्याने अर्धा राग उतरेल.

मिस्टरांशी याबद्दल रात्री रोज बोलत असशील तर ते थांबव, मुलं ऐकतात, आणि मग शाळेत जाऊन सांगतात की मम्मीला ऑफिसमध्ये ओरडले.

पुढच्या वर्षी, 2026ला, चवथ 14 सप्टेंबरला आहे, सोमवार. तेव्हा तिकडच्या शाळा सुरू झालेल्या असणार, म्हणजे यायचं की नाही, आलीस तर किती दिवस आणि लॅपटॉपसकट की लॅपटॉपशिवाय, हे तिकीट काढायच्या आधी ठरव. माझं ऐकशील तर पाचच दिवस ये, पण लॅपटॉप तिथेच कपाटात ठेवून.