वाचकांचे प्रश्न : ड्रॉप घेताना पुढचे चाक का कोसळते?

प्रश्न : मी काही वर्षांपासून माउंटन बाइक चालवतो. खडकाळ उतार, अरुंद वळणे, मुळांनी भरलेली वाट यांची आता भीती वाटत नाही. मात्र वाटेत गुडघ्याएवढ्या उंचीचा ड्रॉप, म्हणजे जिथे वाट पायरीसारखी एकदम खाली जाते असा काठ, आला की काठाशी पोहोचता पोहोचता माझी बोटे आपोआप ब्रेक दाबतात. धीर करून ड्रॉप घेतलाच, तर पुढचे चाक खाली कोसळते आणि आपण हँडलवरून पुढे फेकले जाणार असे वाटते. सोबतचे सगळे ‘वजन मागे घे’ एवढेच सांगतात. मी पार सीटच्या मागे जातो, तरीही असे का होते?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन सवयी एकत्र आल्या आहेत. काठाशी ब्रेक दाबणे ही एक आणि फार आधीपासून शरीर मागे नेऊन ठेवणे ही दुसरी. दोन्ही सावधपणातून आलेल्या आहेत, पण तुम्हाला ज्याची भीती वाटते, नेमके तेच या दोन्हींमुळे घडते.

पुढच्या चाकाने काठ सोडल्यापासून मागच्या चाकाने तो सोडेपर्यंतचा काळ डोळ्यांपुढे आणा. एवढ्या वेळात सायकलचा मागचा भाग जमिनीवर टेकलेला असतो आणि पुढचा अधांतरी असतो. त्यामुळे पुढचा भाग झुकू लागतो आणि सगळी सायकल मागच्या चाकाभोवती खाली वळू लागते. माउंटन बाइकच्या दोन चाकांमधले अंतर साधारण 1.2 मीटर असते. ताशी 6 किलोमीटर वेगाने हे अंतर कापायला जवळजवळ पाऊण सेकंद लागतो, तर ताशी 18 किलोमीटर वेगाने पाव सेकंदही लागत नाही. अर्ध्या मीटरवरून सोडलेली वस्तू 0.32 सेकंदात जमिनीवर पडते, हा आकडा शेजारी ठेवला की चित्र स्पष्ट होते. सायकल अगदी हळू असेल, तर मागचे चाक अजून वरच असताना पुढचे चाक तळाला जाऊन आदळते, आणि त्या क्षणी सायकल सुमारे 25 अंशांनी पुढे झुकलेली असते. ड्रॉप एक मीटरचा असेल, तर हाच कोन 55 अंशांच्या पुढे जातो, आणि तिथून तोल सावरणे जवळपास अशक्य असते. म्हणजे काठाशी वेग कमी केल्याने ड्रॉप सोपा होत नाही, उलट सायकलला पुढे झुकायला अधिक वेळ मिळतो. शिवाय ब्रेक दाबल्याने शरीराचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो, फोर्क (पुढचे चाक धरणारा, सस्पेन्शन असलेला दांडा) दबतो, आणि पुढचा भाग जेव्हा हलका असायला हवा तेव्हाच तो सर्वांत जड होतो.

आता ‘वजन मागे घे’ या सल्ल्याविषयी. सल्ला पूर्ण चुकीचा नाही, पण तो अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळे त्याने अनेकांचे नुकसान केले आहे असे माझे ठाम मत आहे. काठाच्या पाच-सहा मीटर आधीच तुम्ही सीटच्या मागे जाऊन बसता, तेव्हा तुमचे हात पूर्ण ताणलेले असतात. पुढचे चाक खाली जाऊ लागले की हँडलही खाली आणि पुढे जाते. हातांना आणखी लांब होण्याची जागाच उरलेली नसल्यामुळे हँडल तुमच्या खांद्यांना आणि मग सगळ्या शरीराला पुढे ओढून नेते. पुढे फेकले जाण्याची जी भावना तुम्ही लिहिली आहे, तिचे मूळ इथे आहे. त्याखेरीज इतके मागे गेल्यावर पुढच्या चाकावर पुरेसा भार राहत नाही आणि काठाकडे येताना सायकल सरळ ठेवणेही अवघड होते.

योग्य हालचाल अशी आहे. काठाकडे येताना सीटवरून उठलेले असावे, दोन्ही पेडल जमिनीला समांतर असावीत, टाचा किंचित खाली असाव्यात, कोपर आणि गुडघे वाकलेले असावेत, आणि शरीराचा भार हातांवर न ठेवता तळपायांवर, म्हणजे सायकलच्या मध्यावर असावा. नजर काठावर न ठेवता पलीकडे, जिथे उतरायचे आहे तिथे आणि त्याही पुढे असावी. काठ साधारण सायकलच्या एका लांबीवर आला की गुडघे आणि कोपर आणखी वाकवून शरीर खाली घ्यावे. पुढचे चाक काठावर पोहोचण्याच्या क्षणी पायांनी पेडलांवर जोर देत कंबर मागे न्यावी आणि त्याच वेळी हातांनी हँडल समोर ढकलावे. सायकल आपल्या खालून पुढे सरकवल्यासारखी ही हालचाल असते. वाकलेले हात या एका क्षणात लांब होतात, त्यामुळे पुढचा भाग खाली न जाता वाटेच्या पातळीतच पुढे जातो आणि तेवढ्यात मागचे चाकही काठ सोडते. हँडल हातांनी वर ओढण्याचा मोह टाळायला हवा. ओढण्याने खांदे पुढे येतात, दोन्ही हात सारख्या जोराने ओढत नाहीत, आणि सायकल हवेत तिरकी होते.

दोन्ही चाके हवेत आली की शरीर पुन्हा मध्यावर यायला हवे, आणि ही गोष्ट अनेक जण विसरतात. हवेत असताना हात व पाय थोडे लांब करून सायकल जमिनीच्या भेटीला खाली जाऊ द्यावी, म्हणजे टेकल्यावर वाकण्यासाठी सांध्यांना जागा राहते. उतरण्याची जागा सपाट असेल, तर दोन्ही चाके एकदम टेकावीत किंवा मागचे चाक किंचित आधी टेकावे. ती उताराची असेल, तर सायकल त्या उताराच्या कोनात आणावी. त्यासाठी हवेत हँडल हलकेच पुढे व खाली दाबावे लागते. उताराची जागा दिसायला भीतीदायक असली तरी शरीराला ती सोपी जाते. अर्ध्या मीटरवरून खाली येताना उभा वेग ताशी सुमारे 11 किलोमीटर होतो आणि एक मीटरवरून ताशी सुमारे 16 किलोमीटर. सपाट जागी हा सगळा वेग गुडघ्यांना, कोपरांना आणि सस्पेन्शनला शोषून घ्यावा लागतो, तर उतारावर त्यातला मोठा भाग पुढे जाण्यातच मिसळून जातो.

वेग किती असावा, हे ड्रॉपच्या आकारावर आणि उतरण्याच्या जागेवर ठरते. ताशी 18 किलोमीटर वेगाने अर्ध्या मीटरचा ड्रॉप घेतला, तर चाक काठापासून सुमारे 1.6 मीटर पुढे टेकते. उताराची पट्टी काठापासून तीन मीटरवर सुरू होत असेल, तर हा वेग कमी पडेल. ती काठाच्या लगतच असून लवकर संपत असेल, तर याहून वेगात जाणे धोक्याचे ठरेल. म्हणून ड्रॉप घेण्याआधी सायकलवरून उतरून खालची जागा पायी पाहणे आवश्यक आहे.

प्रश्न : तंत्र वाचून समजते, पण प्रत्यक्ष काठापाशी आल्यावर मन माघार घेते आणि मी थांबते. एकदा थांबले की त्या दिवशी पुन्हा जमत नाही. ही भीती कशी घालवावी?

उत्तर : भीती घालवण्याचा प्रयत्नच करू नका, असे मी म्हणेन. काठापाशी वाटणारी भीती बहुतेक वेळा खरी माहिती देत असते. ती सांगत असते की ही हालचाल अजून शरीरात मुरलेली नाही. तिला धाडसाने दाबण्यापेक्षा तिचे कारण दूर करावे. सराव अशा जागी सुरू करावा, जिथे चूक झाली तरी काही बिघडत नाही.

आरंभी ड्रॉपच नको. सपाट मैदानात जमिनीवर एक रेघ आखा आणि ती काठ आहे असे समजून, पुढचे चाक रेघेवर येताच कंबर मागे नेऊन हँडल पुढे ढकलण्याची हालचाल करा. चाक वर उचलले जाण्याची गरज नाही; ते हलके झालेले हातांना जाणवले की पुरे. मग फुटपाथच्या कडेएवढी, साधारण 15 सेंटिमीटर उंचीची पायरी घ्या. इथे कान उपयोगी पडतात. दोन्ही चाके टेकल्याचा एकच आवाज आला, तर हालचाल योग्य क्षणी झाली. आधी पुढचे आणि मग मागचे असे दोन आवाज आले, तर हँडल ढकलायला उशीर झाला. मागचे चाक जोराने आदळून पुढचे बऱ्याच वेळाने खाली आले, तर शरीर गरजेपेक्षा जास्त वेळ मागे राहिले. चालत्या सायकलवर स्वतःला पाहता येत नाही. हा आवाज मात्र प्रत्येक वेळी प्रामाणिक उत्तर देतो.

उंची वाढवण्याची घाई करू नये. एकदा जमले म्हणून पुढे जाणे आणि दहा वेळा सारखेच जमले म्हणून पुढे जाणे यांत फार फरक आहे. त्यातही उंची, वेग आणि जागा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलू नयेत. परिचयाच्या जागी उंची थोडी वाढवावी, किंवा परिचयाच्या उंचीचा ड्रॉप नव्या वाटेवर घ्यावा.

काठापाशी थांबण्याविषयी एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा. ड्रॉपच्या बऱ्याच आधी एखादा दगड किंवा झाड निर्णयाची खूण म्हणून निवडा. त्या खुणेपर्यंत कोणत्याही कारणाने थांबायला हरकत नाही, आणि थांबण्यात कमीपणाही नाही. खूण ओलांडल्यावर मात्र ब्रेक दाबायचा नाही. काठावर ऐन वेळी बदललेला निर्णय ड्रॉपपेक्षा अधिक धोकादायक असतो, कारण तेव्हा वेग पडतो आणि शरीर ताठ होते. खुणेपर्यंत दोन-तीनदा जाऊन परत यावे, म्हणजे काठाकडे जाणारी वाट आणि वेग ओळखीचे होतात. तो ड्रॉप नेहमी घेणारा अनुभवी सोबती असेल, तर सुरक्षित अंतर राखून त्याच्या मागून जाणे फार उपयोगाचे ठरते. योग्य वेग किती, हे सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे असते.

तुम्ही लिहिता की एकदा थांबल्यावर त्या दिवशी पुन्हा जमत नाही. तसे असेल, तर त्या दिवशी तो ड्रॉप सोडून द्या आणि त्याहून लहान ड्रॉप चार-पाच वेळा नीट घेऊन घरी जा. दमलेल्या पायांनी, अंधार पडता पडता, सोबतचे थांबले आहेत म्हणून घेतलेला ड्रॉप काही शिकवत नाही.

प्रश्न : माझी सायकल हार्डटेल आहे, म्हणजे तिला मागे सस्पेन्शन नाही. ड्रॉप शिकण्यासाठी फुल सस्पेन्शनची सायकल घ्यावी का?

उत्तर : शिकण्यासाठी नको. हार्डटेलवर चुकीचे उतरणे लगेच पायांना कळते, त्यामुळे गुडघे वाकवून भार शोषण्याची सवय लवकर लागते. मात्र सायकल कोणत्या वापरासाठी बनवली आहे, हे पाहणे गरजेचे आहे. अनेक उत्पादक एएसटीएम या मानक संस्थेच्या वर्गवारीनुसार सायकलींना वर्ग देतात आणि तो वर्ग सायकलीसोबतच्या पुस्तिकेत छापलेला असतो. दुसऱ्या वर्गातल्या सायकली सुमारे 15 सेंटिमीटरपर्यंतच्या, तिसऱ्या वर्गातल्या सुमारे 61 सेंटिमीटरपर्यंतच्या आणि चौथ्या वर्गातल्या सुमारे 122 सेंटिमीटरपर्यंतच्या ड्रॉपसाठी असतात. दिसायला माउंटन बाइक असलेली प्रत्येक सायकल गुडघ्याएवढ्या ड्रॉपसाठी नसते, आणि ही मर्यादा ओलांडल्यास चाक, फोर्क किंवा फ्रेम दगा देऊ शकते.

नव्या सायकलीपेक्षा सीटची उंची अधिक महत्त्वाची आहे. उंच सीट कंबर खाली आणि मागे जाऊ देत नाही, आणि मागचे चाक वर आले तर तीच सीट शरीराला पुढे ढकलते. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालत्या सायकलवर बटणाने वर-खाली करता येणारा सीटचा दांडा, असेल तर उत्तम, नसेल तर सरावापुरती सीट हाताने खाली करून घ्यावी. फोर्कमध्ये हवेचा दाब असा ठेवावा की सायकलवर उभे राहिल्यावर त्याच्या एकूण हालचालीपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा दबेल. फोर्क दबल्यानंतर फार झटकन वर येत असेल, तर उतरल्यावर हँडल उसळते. अशा वेळी रिबाउंड, म्हणजे फोर्क परत वर येण्याचा वेग, थोडा मंद करावा. प्रत्येक सरावाआधी दोन्ही चाकांचे ॲक्सल, हँडल आणि त्याला फोर्कशी जोडणाऱ्या स्टेमचे बोल्ट घट्ट असल्याची खात्री करावी. हेल्मेट, नी-पॅड आणि पूर्ण बोटांचे हातमोजे लहान ड्रॉपलाही हवेत. उंची वाढली की चेहरा झाकणारे हेल्मेट वापरावे.

प्रश्न : आमच्या वाटेवरच्या एका ड्रॉपच्या अगदी आधी तीव्र वळण आहे, त्यामुळे वेग घेताच येत नाही. तिथे काय करावे?

उत्तर : आधी ड्रॉपची बाजू नीट पाहा. ती सरळ भिंतीसारखी नसून तिरकी आणि सलग असेल, तर सायकल हवेत न नेता तिच्यावरून सरळ उतरवता येते. तेव्हा शरीर खाली व मागे ठेवून पुढचे चाक हळूहळू खाली जाऊ द्यावे, आणि ते तळाला पोहोचत असताना पुढचा ब्रेक पूर्ण सोडावा. मात्र काठ टोकदार असेल, तर मधली दातेरी चकती त्यावर अडकते आणि सायकल जागीच थांबते. म्हणून चकती आणि काठ यांच्यात पुरेशी मोकळी जागा राहते का, हे सायकल हातात धरून आधी तपासावे.

भिंतीसारखा सरळ ड्रॉप असेल, तर पेडलच्या जोराची मदत घ्यावी लागते. वळण संपताच मध्यम हलक्या गिअरमध्ये यावे, जोरकस पाय किंचित वरच्या स्थितीत आणावा, आणि पुढचे चाक काठावर येताच त्या पायाने अर्धा फेरा जोरात मारताना कंबर मागे न्यावी. त्या एका फेऱ्याने पुढचे चाक वर राहते आणि मागचे चाक काठाबाहेर ढकलले जाते. गिअर फार हलका असेल तर पाय नुसताच फिरतो, आणि फार जड असेल तर फेरा वेळेत पूर्ण होत नाही. हे तंत्र वेगाने घेतलेल्या ड्रॉपपेक्षा कठीण आहे, कारण त्यात अचूक क्षण साधावा लागतो. 15 सेंटिमीटरच्या पायरीवर चालण्याच्या वेगाने दोन्ही चाके एकत्र टेकू लागेपर्यंत वळणापुढच्या त्या ड्रॉपच्या ठिकाणी सायकल हातात धरून खाली उतरावे.