क्रिस्टलवर सूर सरळ, व्हीएफओ जोडला की घसरतो: जुन्या ८०७च्या सेटमध्ये दोष कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आजोबांचा ६व्ही६ आणि ८०७ या व्हॉल्व्हांचा घरगुती ट्रान्समीटर, म्हणजे मोर्स पाठवायचा सेट, माळ्यावरून काढलात, एकच ठरावीक फ्रिक्वेन्सी देणारं क्रिस्टल लावलं की ७ मेगाहर्ट्झवर सूर ठणठणीत, पण त्यांचाच बाहेरचा व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी हवी तशी बदलता येणारा ऑसिलेटर) जोडला की मोर्सच्या प्रत्येक डॅशला 'टुईं' करून सूर घसरतो. आणि कुणीतरी सल्ला दिलाय की व्हीएफओ फेका, त्याजागी एसआय५३५१ ही फ्रिक्वेन्सी तयार करणारी डिजिटल चिप बसवा.

फेकू नका. आणि 'व्हीएफओ तापतोय, ड्रिफ्ट आहे' असं जो पहिल्याच वाक्यात सांगेल त्याचं पुढचं ऐकू नका. ड्रिफ्ट म्हणजे तापल्यामुळे सूर हळूहळू सरकणं, तो दहा-वीस मिनिटांत होतो. तुमचा सूर एका डॅशच्या आत हलतोय, म्हणजे तो चिर्प. दोन्ही रोग वेगळे, औषधंही वेगळी. हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण याच चुकीपायी मी दोन महिने घालवलेत.

साल १९८६. सांगलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन नुकतंच हातात आलेलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्या डिस्पोजलच्या मालातली ८०७ आणली आणि सेट बांधला. व्हीएफओ क्लॅप नावाच्या सर्किटचा, ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा, सेटमध्ये दुप्पट करून ७वर. गँग (फिरवायचा कंडेन्सर) एका मोडीत निघालेल्या रेडिओतला, आणि पेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पहिल्याच आठवड्यात मद्रासच्या एका ओएमचं (हॅम एकमेकांना असंच म्हणतात) कार्ड आलं, रिपोर्ट '५७८सी', शेवटचा 'सी' म्हणजे चिर्प. त्या 'सी'नं माझी झोप उडवली. दुसऱ्याचे रेडिओ नीट करून पोट भरणारा माणूस, आणि माझाच सूर वाकडा!

आमच्याकडे एक ज्येष्ठ हॅम होते. इंजिनिअर, कॉलेजात शिकवायचे. मी त्यांना भाऊ म्हणतो. दर रविवारी यायचे, चहा घ्यायचे, डब्यावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "गरम लागतंय बघ. थर्मल आहे हे." मी आयटीआयवाला, मी काय बोलणार? डब्याला भोकं पाडली. मायका कंडेन्सर काढून तापमानानं न बदलणारे एनपी-झीरो घातले. कॉइल सिरॅमिकच्या फॉर्मरवर नव्यानं गुंडाळली, एकदा नाही, तीनदा. सूर तसाच. भाऊ म्हणाले, "अजून गरम लागतंय."

एका रात्री अकराच्या सुमारास बायको म्हणाली, पोर झोपलंय, दिवा बंद करा. मी केला आणि अंधारातच डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) मोर्सची की मारत बसलो. समोर व्हीआर-१५०, म्हणजे व्हीएफओचं व्होल्टेज १५०वर धरून ठेवणारा गॅसभरला व्हॉल्व्ह, जांभळट उजेड देत होता. डॅश दाबला, उजेड गेला. सोडला, उजेड आला. पुन्हा दाबला, पुन्हा गेला. मी शेजारी ठेवलेल्या रिसीव्हरचा आवाज वाढवला. उजेड जायचा आणि सूर घसरायचा तो एकाच क्षणी.

गणित शाळकरी होतं. व्हीएफओची एचटी (हाय व्होल्टेज) मी सेटच्याच ३५० व्होल्टच्या सप्लायवरून घेतली होती, मध्ये १५ किलोओहमचा रेझिस्टर. की उघडी असताना त्यातून १३ मिलिअँपिअर येत. त्यातले ८ व्हीएफओ खायचा, ५ उरायचे व्हीआरला, म्हणजे तो जेमतेम पेटलेला. की दाबली की ६व्ही६ आणि ८०७चा स्क्रीन ग्रिड सप्लायवर बसायचे, ३५०चे २९० व्हायचे, येणारा करंट ९वर यायचा आणि व्हीआरच्या वाट्याला दीडसुद्धा उरायचा नाही. तो विझायचा आणि व्हीएफओचं व्होल्टेज मोकळं सुटायचं. दुसरा १५ किलोओहम, १० वॉटचा, समांतर ठोकला. मिळून साडेसात किलोओहम झाले. व्हीआर विझायचा थांबला, चिर्प संपला.

रविवारी भाऊंना ऐकवलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कॉइल आता सेटल झाली असेल." मी त्यांच्यासमोर तो रेझिस्टर सोडवला, चिर्प आला. जोडला, गेला. म्हणाले, "हं." त्या 'हं'वर आमचं आजतागायत मिटलेलं नाही. भाऊ आता पंचाऐंशीचे आहेत आणि ज्याला त्याला एसआय५३५१ बसवायला सांगतात. तुम्हाला सल्ला देणारे तेच असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता तुमचं. आजोबांच्या व्हीएफओत व्हीआर-१५० किंवा त्याचाच भाऊबंद ०ए२ बहुधा असेल. खोलीत अंधार करून डॅश मारा. विझतोय, लुकलुकतोय, तर उत्तर मिळालं. स्थिर राहिला तर दुसरी परीक्षा: व्हीएफओ बंद करा, केबल मात्र जागेवर राहू द्या, की दाबा आणि ८०७चा ग्रिड करंट बघा. शून्य हवा. काटा हलला तर तुमची ६व्ही६ स्वतःच ऑसिलेट होतेय, म्हणजे व्हीएफओविनाच सिग्नल तयार करतेय. क्रिस्टलच्या सॉकेटमधून व्हीएफओ दिला की त्या स्टेजनं नुसतं अ‍ॅम्प्लिफायर म्हणून वागायला हवं, पण क्रिस्टलसाठीची फीडबॅकची जोडणी तशीच राहते आणि दोन ऑसिलेटर एकमेकांना ओढत बसतात. कॅथोडला चोक असेल तर व्हीएफओवर चालवताना त्याला .०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर समांतर लावा. सॉकेटच्या दोन भोकांपैकी एक ग्रिडचं असतं. केबलची जाळी त्यात गेली तर ड्राइव्हच (व्हीएफओचा सिग्नलच) मिळत नाही, पण तुमचा सूर येतोय त्याअर्थी ते बरोबर आहे. केबल हातभरच ठेवा. मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड ती खाते.

शक्य असेल तर व्हीएफओ सतत चालू ठेवून पुढची स्टेज की करा. मग डॅशांच्या मधे रिसीव्हरमध्ये तो कुजबुजत राहतो, पण ते सोसावं.

एसआय५३५१ वाईट नाही. पण तिचा आउटपुट तीनेक व्होल्टचा चौकोनी, त्यावर ६व्ही६ हलणार नाही. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर आलाच. मग आजोबांचा म्हणून सेटमध्ये उरलं काय?

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: ८०७च्या डोक्यावरच्या टोपीवर ६०० व्होल्टपर्यंत असतात. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर डिस्चार्ज करून, मीटरनं बघून मगच हात घाला, आणि तोही एकच. माळ्यावरचा सेट थेट पूर्ण व्होल्टेजवर चालू केला असेल तर नशीब म्हणा. ग्रिडकडे जाणारे जुने कागदी कंडेन्सर गळके धरूनच चाला, बदलून टाका. आणि लायसन नसेल तर अँटेना नको, ६० वॉटचा बल्ब लावून खेळा.

भाऊंचं एक म्हणणं खरं होतं तेही सांगतो. बिस्किटाचा डबा हा व्हीएफओसाठी भिकार. रस्त्यावरून ट्रक गेला की सूर थरथरायचा. पुढे मी तीन मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमची पेटी केली. पण थरथर म्हणजे चिर्प नव्हे, आणि हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं.

व्हीआर विझतो का, आणि त्याच्या मागे किती ओहमचा रेझिस्टर आहे, ते खाली लिहा. रंगाचे पट्टे उडाले असतील तर एक टोक सोडवून मोजा.