हाँगकाँगला यावे की नाही: भाच्याच्या पत्राला उत्तर

काउलून, हाँगकाँग
जानेवारी १९६८

चिरंजीव भाच्यास अनेक आशीर्वाद.

इथल्या एका व्यापारी पेढीत तुला नोकरी मिळते आहे. पण चीन हाँगकाँग घेणार अशा बातम्या वाचून ताई धास्तावली आहे, म्हणून येऊ की नको, असे तू विचारले आहेस. माझ्या मते ये, मात्र एकटा ये, आणि इथली स्थिती नीट समजून घेऊन ये.

गेल्या मे महिन्यात सान पो काँगच्या प्लास्टिक फुलांच्या कारखान्यात तंटा पेटला. कामगारांची गाऱ्हाणी खरी होती आणि सरकारने ती आधीच ऐकायला हवी होती; परंतु पलीकडे चीनमध्ये माओच्या सांस्कृतिक क्रांतीचे वारे वाहत असल्याने इथल्या डाव्या संघटनांनी त्याला इंग्रज सत्तेविरुद्धच्या लढ्याचे रूप दिले, आणि संप व संचारबंदी यांच्या मागोमाग रस्त्यांवर बॉम्ब आले. ऑगस्टमध्ये नॉर्थ पॉइंटला दोन लहान भावंडे बॉम्बने मेली. त्याच आठवड्यात, डाव्यांवर रेडिओवरून कडक टीका करणारे लाम बन यांना जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर सामान्य चिनी माणसाची सहानुभूती या चळवळीला उरली नाही. डिसेंबरनंतर स्फोट जवळजवळ थांबले आहेत, तरी रस्त्यात बेवारस पुडके दिसले तर त्याला हात लावू नकोस.

सरहद्दीचे म्हणशील, तर ८ जुलैला शा ताउ कोक येथे पलीकडून गोळीबार होऊन पाच पोलीस ठार झाले आणि तिथे गुरखा पलटण आणावी लागली. मला मात्र बंदुकीपेक्षा पाण्याची भीती अधिक वाटली. अवर्षणामुळे जुलैपासून चार दिवसांतून एकदा चार तास नळ येई. त्या वेळात बादल्या, पातेली, बाळाचे न्हाणीचे टबसुद्धा भरून ठेवायचे आणि त्यातच चार दिवसांची धुणीभांडी निभवायची. जादा पाण्याची विनंती चीनने ऐकली नाही, पण १ ऑक्टोबरला करारात ठरलेले पाणी मात्र वेळेवर सोडले. हाँगकाँगला धान्य, भाजी, डुकरे विकून चीनला मोठे परकीय चलन मिळते. ते असेतो तो ही वसाहत बळाने घेईल असे मला वाटत नाही. मनात आणले तर तो काय करू शकतो, हे शेजारच्या मकाव या पोर्तुगीज वसाहतीत दिसले आहे: गेल्या जानेवारीत चीनच्या दबावामुळे तिथल्या पोर्तुगीज गव्हर्नरला लेखी माफी मागावी लागली.

आपण भारतीय आहोत हेही ध्यानात ठेव. सप्टेंबरमध्ये सिक्कीमच्या सरहद्दीवर नथु ला येथे भारत-चीन लढाई झाली, तेव्हा चिनी शेजाऱ्यांनी मला काहीच ऐकवले नाही. पण तू चारचौघांत राजकारण बोलू नकोस, मिरवणूक दिसली की दुसरी गल्ली धर, आणि पहिल्या दिवसापासून कॅन्टनी ही इथली चिनी बोली शिक.

बचत एकाच चलनात ठेवू नकोस. नोव्हेंबरमध्ये पौंड घसरला तेव्हा इथला डॉलरही आधी त्याच्यामागे गेला आणि मग काही दिवसांनी थोडा वर आला. तेवढ्यात अनेकांचे नुकसान झाले. करारावर सही करण्याआधी परतीचे भाडे पेढी देणार की नाही, हे लिहून घे. सूनबाईला आणि मुलाला पुढच्या पावसाळ्यानंतर, तलाव भरल्याचे मी कळवले की मगच आण.

तुझा,
मामा