वाचकांचे प्रश्न : काट्यावरच्या गाड्या आणि अवस्थाबदलांची रांग

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगच्या काट्यासाठी मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला आहे. कापसाच्या प्रत्येक गाडीच्या अवस्था ठरलेल्या आहेत : नोंद, भरला काटा, प्रतवारी, खाली (माल उतरवणं), रिकामा काटा, पट्टी (वजन-हिशेबाची पावती). त्या तीन थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग) बदलतात : काट्याचा सिरीयल पोर्ट वाचणारा, स्क्रीनचा आणि प्रतवारीवाल्याच्या मोबाइलवरून विनंत्या घेणारा. रिकामं वजन स्थिर झालं की पट्टी आपोआप निघते, शिवाय स्क्रीनवर बटणही आहे. दिवाळीनंतर गाड्यांची रीघ लागली की एकाच गाडीच्या दोन पट्ट्या निघतात. लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कुलपं) टाकले, तर आता प्रोग्रामच गोठतो. थ्रेड-सेफ क्यू (अनेक थ्रेडनी एकदम वापरली तरी न बिघडणारी रांग) लावा म्हणतात. ती कुठे आणि कशी बसवू?

उत्तर : आधी दोन पट्ट्या कशा निघतात ते पाहा. गाडीचं भरलं वजन ४,८६० किलो, रिकामं २,३१०, म्हणजे कापूस २५.५० क्विंटल. पोर्टचा थ्रेड विचारतो, ‘अवस्था रिकामा काटा आहे ना?’ उत्तर येतं, हो. तो ‘पट्टी’ लिहिणार तेवढ्यात पाळी स्क्रीनच्या थ्रेडकडे जाते. त्यानेही तेच विचारलं, त्यालाही ‘हो’ मिळालं. दोघांनीही पट्टी काढली आणि हिशेबात २५.५० चे ५१ क्विंटल झाले. पायथनमध्ये जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला कोड चालवू देणारं कुलूप) आहे, मग असं कसं होईल, असं पुष्कळांना वाटतं. जीआयएल इंटरप्रिटरची आतली कामं सांभाळतो. तुमचं ‘तपासणं’ आणि ‘लिहिणं’ यांच्यामध्ये थ्रेड बदलायला तो अडवत नाही.

लॉकमुळे गोठण्याचं कारण बहुधा क्रमाचं असेल. एका थ्रेडने गाडीचं लॉक धरलं आणि तो छपाईचं मागतो. दुसऱ्याने छपाईचं धरलं आणि तो गाडीचं मागतो. दोघंही जन्मभर उभे. साधं लॉक एकाच थ्रेडने दुसऱ्यांदा मागितलं, तरी तो स्वतःच अडकतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे अवस्था बदलण्याचा हक्क एकाच थ्रेडला देणं. त्याला कारभारी म्हणू. बाकीच्या तिघांनी अवस्थेला हात लावायचा नाही, फक्त विनंतीची चिठ्ठी रांगेत टाकायची. पायथनच्या ‘क्यू’ मॉड्यूलमधला ‘क्यू’ हा वर्ग यासाठी पुरेसा आहे; आतली लॉकं तोच सांभाळतो. स्वतःची रांग लिहायच्या भानगडीत पडू नका.

चिठ्ठीत सहा गोष्टी हव्यात : विनंतीचा एकमेव क्रमांक, गाडीचा टोकन, गाडी ज्या अवस्थेत आहे असं पाठवणाऱ्याला वाटतं ती अवस्था, हवी असलेली नवी अवस्था, वजन आणि वेळ. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. रांग क्रम राखते, पण बदल योग्य आहे की नाही हे तिला कळत नाही. ते कारभाऱ्याने चिठ्ठी बाहेर काढल्यावर तपासायचं, टाकताना नव्हे, कारण मधल्या वेळात रांगेत आधी असलेल्या चिठ्ठ्यांनी अवस्था बदललेली असू शकते. चिठ्ठीत ‘रिकामा काटा’ आहे आणि गाडी ‘पट्टी’ला पोचली आहे, तर चिठ्ठी नाकारायची आणि तशी नोंद ठेवायची. दुसरी पट्टी इथेच थांबते.

वजन बटण दाबल्याच्या क्षणाचं घ्या आणि चिठ्ठीतच लिहा. कारभारी आपली पाळी आल्यावर काट्यावरून वजन वाचायला गेला, तर तोवर तिथे पुढची गाडी चढलेली असेल. काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा) सेकंदाला अनेकदा आकडे पाठवतो, ते सगळे रांगेत ओतू नका. ताजा आकडा वेगळा ठेवा. चिठ्ठीसाठी साधी डिक्शनरीही (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संच) नको. पाठवणाऱ्याने ती नंतर बदलली, तर रांग सुरक्षित आणि आतला माल बिघडलेला. फ्रोझन डेटाक्लास (एकदा भरला की न बदलणारा साचा) वापरा.

रांगेला मर्यादा घाला. ‘मॅक्ससाइझ’ (रांगेची कमाल लांबी) शून्य ठेवला तर रांग अमर्याद होते. एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये एक बदल पक्का व्हायला २० मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला ५० चिठ्ठ्या निपटतात. काट्यावर सेकंदाला पाचही येणार नाहीत. म्हणून २०० ची मर्यादा भरली, याचा अर्थ कारभारी अडकला आहे, आणि ते लगेच कळायला हवं. स्क्रीनच्या थ्रेडने ‘पुट_नोवेट’ (वाट न पाहता चिठ्ठी टाकणं) वापरावं आणि रांग भरलेली असेल तर ऑपरेटरला स्पष्ट संदेश दाखवावा. थांबून राहिला तर खिडकीच गोठेल. मोबाइलच्या थ्रेडने २ सेकंद वाट पाहून ‘पुन्हा पाठवा’ असं उत्तर द्यावं. पुन्हा पाठवताना विनंतीचा क्रमांक तोच राहू द्या आणि टेबलात त्या रकान्याला ‘युनिक’ची (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याची) अट घाला. नेट तुटून तीच चिठ्ठी तीनदा आली तरी काम एकदाच होईल.

छपाई कारभाऱ्याकडे देऊ नका. प्रिंटरचा कागद संपला की सगळी रांग खोळंबते. छपाईला दुसरी रांग आणि दुसरा थ्रेड द्या. कारभाऱ्याने स्वतःच्याच रांगेतही चिठ्ठी टाकू नये. ती भरलेली असेल तर तो स्वतःचीच वाट पाहत बसेल.

एसक्यूलाइटचं कनेक्शन कारभाऱ्याच्या थ्रेडमध्येच उघडा, नाहीतर पायथन दुसऱ्या थ्रेडमधून ते वापरू देत नाही. प्रत्येक चिठ्ठीभोवती ‘ट्राय’ (एरर पकडणारा भाग) हवा. नाहीतर एका खराब चिठ्ठीच्या एररने हा थ्रेड मरतो, पण स्क्रीन चालूच दिसते आणि रांग मुकाट्याने भरत जाते. ‘टास्क_डन’ (चिठ्ठी निपटल्याची खूण) हे ‘फायनली’मध्ये (एरर आली तरी चालणाऱ्या भागात) लिहा. ते एकदाही सुटलं तर ‘जॉइन’ (रांग निपटेपर्यंत थांबणं) कधीच परतत नाही.

लाइट जाण्याचं काय? रांग मेमरीत आहे, वीज गेली की ती गेली. म्हणून डेटाबेसमध्ये कमिट (पक्की नोंद) होईपर्यंत स्क्रीनवर ‘झालं’ दाखवायचं नाही. इन्व्हर्टर असला तरी हा नियम मोडू नका. बंद करताना आधी तिन्ही पाठवणारे थांबवा, मग रांगेत ‘नन’ (कारभाऱ्याला थांबण्याची खूण) टाका. रांग आल्या क्रमाने चालते, त्यामुळे आधीच्या चिठ्ठ्या निपटूनच कारभारी थांबेल.

खात्री करायची असेल तर लॉक नसलेल्या जुन्या प्रोग्राममध्ये तपासणं आणि लिहिणं यांच्यामध्ये अर्ध्या सेकंदाची ‘स्लीप’ टाका आणि ‘बॅरियर’ वापरून दोन थ्रेड एकदम सोडा. दोन पट्ट्या दर वेळी निघतील. मग नव्या रचनेत हीच स्लीप कारभाऱ्याच्या आत ठेवून बघा. पट्टी एकच निघेल, फक्त उशिरा.

प्रश्न : मोर्शीजवळच्या संत्र्याच्या ग्रेडिंग शेडसाठी जावामध्ये ‘लिंक्डब्लॉकिंगक्यू’ (आल्या क्रमाने चालणारी रांग) वापरली आहे. ‘बॅच रद्द’ आणि ‘पट्टा थांबवा’ या विनंत्या पुढे घ्यायला ‘प्रायॉरिटीब्लॉकिंगक्यू’ (प्राधान्याने चालणारी रांग) लावू का?

उत्तर : नको. ‘रद्द’ पुढे धावलं, तर ती बॅच सुरू करण्याची चिठ्ठी अजून मागे असेल. अस्तित्वात नसलेली बॅच रद्द होईल आणि मग निवांत सुरू होईल. शिवाय त्या रांगेत सारख्या प्राधान्याच्या विनंत्यांचा क्रम हमखास राहत नाही, आणि तिला मर्यादाही घालता येत नाही. रद्द केलेल्या बॅचचे क्रमांक ‘कॉन्करंटहॅशमॅप’मध्ये (अनेक थ्रेडना एकदम वापरता येणाऱ्या यादीत) ठेवा आणि प्रत्येक चिठ्ठी काढल्यावर तिथे बघा. आत्ताच्या रांगेलाही क्षमता द्या. न दिल्यास ती २,१४,७४,८३,६४७ इतकी धरली जाते, म्हणजे आधी मेमरी संपेल.

पट्टा थांबवणं मात्र कुठल्याच रांगेतून जाऊ देऊ नका. माणसाचा हात अडकला तर सॉफ्टवेअरच्या पाळीची वाट पाहता येत नाही. लाल बटण थेट मोटरच्या काँटॅक्टरच्या (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) सर्किटमध्ये बसवा, आणि पट्टा थांबल्याची फक्त खबर रांगेत येऊ द्या.