अकोल्याचा कूलर आणि मुंबईचा घाम

प्रश्न : मावशी, मी अकोल्याची. नवऱ्याच्या बदलीमुळे एप्रिलमध्ये मुलुंडला आलो. ४५ अंशांत तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटी हाकणारी मी, इथे ३३ अंशांत पार गळून गेले. रात्री झोप नाही, मानेवर घामोळं उठलंय. सामानासोबत ट्रकमधून कूलर आणला, पण तो लावला की जास्तच गुदमरतं. टाकीत बर्फही टाकून पाहिला. शेजारी हसतात. माझं काय चुकतंय?
– एक अकोलेकर

उत्तर : हसू दे गं त्यांना. मी १९८६ साली अमरावतीहून लग्न होऊन गिरगावच्या चाळीत आले, ती माहेरचा माठ मांडीवर घेऊन. आठ दिवस वाट पाहिली, पाणी काही गार होईना. माठ पाझरायचा, पण ओल वाळायचीच नाही; सकाळी खाली नुसतं थारोळं. सासूबाई म्हणाल्या, "इथे माणसाचा घाम वाळत नाही, तुझ्या माठाचा कुठून वाळणार!"

तुझ्या कूलरचंही तेच. ओल्या ताट्यांतून कोरडी हवा ओढली की पाणी उडतं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मे महिन्यातली अकोल्याची हवा पाण्याला तहानलेली असते. मुंबईची आधीच पोटभर जेवून बसलेली, तिला तू बंद खोलीत आणखी आग्रह करतेस! म्हणून टाकी रिकामी कर, ताट्या काढ (डासांची सोय नको) आणि तो नुसता पंखा म्हणून खिडकीत लाव, पाठ बाहेर. ओले पडदे, फरशीवर पाणी शिंपडणं, हे आपल्याकडचे सगळे उपाय इथे उलटे पडतात. तिकडे पाण्याने भागतं, इथे वारा लागतो.

वारा कधी येतो ते आठवडाभर बघून ठेव. सकाळी बहुतेक पूर्वेकडून, जमिनीवरून येतो, तो तापट. दुपारकडे समुद्रावरून पश्चिमेचा सुटतो. तो सुटायला उशीर झाला तर मार्चमध्येसुद्धा मुंबईचा पारा ३८-३९ला जातो. पश्चिमेची खिडकी उघड, समोरचं दार सेफ्टी डोअरवर ठेव, म्हणजे हवा आरपार जाईल. निजायच्या खोलीत कपडे वाळत घालू नकोस. धुतलेल्या चादरीचं सगळं पाणी तुझ्याच उशाशी राहतं. एसी असेल तर तो 'ड्राय'वर लावून बघ. दमट रात्री मला १८ अंशांपेक्षा तोच बरा वाटतो.

घामोळ्यावर पावडरचे थर देऊ नकोस, घामात तिचा चिखल होतो. संध्याकाळी घरी आलीस की साध्या पाण्याने अंघोळ, टिपून कोरडं, मग सैल सुती कपडा. मात्र कडेला लालसर, गोल, खाजरा चट्टा दिसला तर ते घामोळं नव्हे, नायटा. मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नकोस. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं आणि मग चट्टा पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

आपल्याकडे घाम फुटल्या फुटल्या वाळतो, कळतही नाही. इथे तो दिसतो, म्हणून फार गेला असं वाटतं. पण जातो हेही खरंच. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी नाहीतर कोकम सरबत पीत जा, आणि सकाळी ताडगोळे दिसले की सोडू नकोस. कुणाला भोवळ येऊन बोलणं असंबद्ध झालं, तर मात्र सरबत करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पाऊस इथे साधारण ११ जूनच्या आसपास येतो. त्याआधी वर्षाचे पापड-सांडगे घट्ट झाकणाच्या डब्यात भर. माझे पहिल्या वर्षीचे गणपतीपर्यंत चामड्यासारखे झाले होते, आणि ते तळून पाहुण्यांना वाढलेही होते मी.