ठोका इंजिनात की इंजिनाच्या मागे?

प्रश्न : माझी चार सिलिंडरची जुनी डिझेल पिकअप आहे, साध्या मेकॅनिकल पंपाची. गेले दोन महिने इंजिन तापलं की स्लोवर ‘ठक-ठक’ असा जड आवाज येतो. थंड असताना जवळजवळ नसतोच. रेस दिली की कमी होतो, क्लच दाबला की बंद. ऑइलचा दिवा लागत नाही, गाडीची ओढ चांगली आहे. एक मेकॅनिक म्हणतो कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं, पूर्ण इंजिन बांधायला लागेल. दुसरा नोझलला दोष देतो. तीन महिन्यांपूर्वी क्लच प्लेट बदलली, बाकी काही काम केलेलं नाही. काय करावं? – एक वाचक

उत्तर : इंजिन उतरवायची घाई करू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता, शेवटी लिहिली आहे : क्लच प्लेट बदलली. त्या ओळीपाशी मी थांबलो आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी, इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणारा दांडा. त्याचं बेअरिंग गेलं की ठोका वजनाबरोबर वाढतो. चढावर ऐकू येतो, रेस देऊन एकदम पाय काढला की तर हमखास. तुमचा रेसबरोबर कमी होतो. आणि क्लच दाबल्यावर गप्प बसायला रॉडच्या बेअरिंगला काही कारणच नाही. तरीही नुसत्या पत्रावरून मी त्याला निर्दोष सोडणार नाही. दिव्यावर विसंबू नका, तो प्रेशर जवळजवळ संपल्यावरच लागतो. गेज लावून इंजिन गरम असताना ऑइलचं प्रेशर मोजा. दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय (प्रेशरचं एकक) ही गॅरेजातली ढोबळ मोजणी आहे. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. मग ऑइल स्वच्छ भांड्यात काढा, फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि उजेडात धरा. चमक दिसली तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड. न चिकटता तांबूस किंवा चंदेरी चमकतंय, तर तो बेअरिंगचा थर असण्याची शक्यता मोठी, आणि मग पहिल्या मेकॅनिकचं ऐका.

नोझलची, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीची, परीक्षा त्याहून सोपी. इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला करायचा, म्हणजे तो सिलिंडर काम करायचा थांबतो. एखाद्या सिलिंडरला ठोका गेला तर ते नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. आवाज नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागीच राहिला तर पिस्टन, पिन किंवा बेअरिंग. डोळ्यांवर चष्मा लावा आणि उडणाऱ्या डिझेलसमोर बोट आणू नका, ते कातडीत घुसतं. कॉमन रेल इंजिनाला (सगळ्या नोझलना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) हा प्रयोग कधीच करायचा नाही, तिथलं प्रेशर जीवघेणं असतं. तुमची साध्या पंपाची आहे म्हणून सांगतोय.

माझा अंदाज मात्र असा की चारही नट ढिले करून झाले तरी ठोका तसाच राहील.

आता क्लचकडे. इथे पाय हळू वापरायचा. गाडी न्यूट्रलला, इंजिन तापलेलं, ठोका चालू. पेडल अगदी थोडं, नुसतं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचला रेटणारं) टेकेल इतकंच दाबा. तेवढ्यानेच आवाज बदलला, तर संशय रिलीज बेअरिंगवर किंवा फ्लायव्हीलवर (क्रँकच्या मागच्या टोकाला बोल्टांनी बसवलेलं जड चाक), कारण त्या हलक्या दाबाने क्लचची पूर्ण जुडी पुढे रेटली जाते आणि ढिलाई तात्पुरती भरून निघते. पेडल पूर्ण खाली गेल्यावरच आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचकडून फिरणं आत नेणारा दांडा) फिरायचा थांबतो आहे, म्हणजे त्याचं बेअरिंग, गिअरांची खडखड किंवा नव्या प्लेटच्या स्प्रिंगा बघा. गिअरबॉक्सचं ऑइल तापून पातळ झालं की ही खडखड वाढते. तुमचं ‘गरम झाल्यावर’ त्यातही बसतं.

माझं बोट फ्लायव्हीलच्या बोल्टांवर आहे. प्लेट बदलताना बरेच जण फ्लायव्हील फेसिंगसाठी (पृष्ठभाग घासून सपाट करायला) उतरवतात आणि परत लावताना टॉर्क पाना (ठरावीक जोराने कसायचा पाना) न वापरता हातानेच ‘झाला घट्ट’ म्हणतात. स्लोवर इंजिनाची प्रत्येक फेरी धक्क्याधक्क्याने होते, ढिलं फ्लायव्हील तेव्हा ठोकतं. रेस दिली की फिरणं सलग होतं आणि ठोका दबतो.

हे मी पोथीतून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच ठोका ऐकून मी एक इंजिन पूर्ण बांधलं होतं. क्रँक ग्राइंड करून आणला, बेअरिंगं, पिस्टन रिंगा, सगळं नवीन. चालू केलं, मालक शेजारी उभा, आणि पहिल्या मिनिटालाच तोच ठोका. क्रँक पुलीची चावी (पुलीला क्रँकवर घट्ट धरणारी लोखंडी पट्टी) झिजली होती. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली : इंजिन उघडण्याआधी बाहेर फिरणारं सगळं तपासायचं. पट्टे काढून इंजिन मिनिटभरच चालवायचं (पाण्याचा पंपही थांबतो म्हणून), आणि लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवून पुली, टायमिंग कव्हर, क्लचचं हाउसिंग (बाहेरचं आवरण) असं पुढून मागे ऐकत जायचं. माझा उजवा कान आता कमी काम करतो, पण हाडाला ऐकू येतं. मूठ धरताना केस, बाही आणि पंखा यांचं भान ठेवा.

तर गाडी बंद करून, बॅटरी सोडून, क्लच हाउसिंगखालचं पत्र्याचं झाकण काढा. टॉर्च आणि आरसा घ्या. बोल्टांभोवती गेरूसारखी तांबूस भुकटी दिसली तर शोध तिथेच संपला : घासून घासून लोखंडाची ती धूळ होते. लीव्हर लावून फ्लायव्हील हलकेच डावी-उजवी हलवून बघा, पुली त्याच्याबरोबर त्याच क्षणी हलली पाहिजे.

भुकटी किंवा ढिलाई निघाली, तर गाडी तिथून हलवू नका, वर्कशॉपलाही चालवत नेऊ नका. फ्लायव्हील सुटलं तर हाउसिंग फोडून बाहेर येतं. गिअरबॉक्स उतरवून बोल्टची भोकं बघा. लांबट झाली असतील तर फ्लायव्हील बदलायचं, आणि क्रँकच्या टोकाची डोवेल पिन (फ्लायव्हील नेमक्या जागी बसवणारी खिट्टी) व आटेही तपासायचे. बोल्ट नवीनच घ्या, जुने पुन्हा वापरू नका, आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर, समोरासमोरच्या क्रमाने कसून घ्या. कसताना स्वतः शेजारी उभे राहा.