जर्मनीला येतोयस? सही करायच्या आधी सुट्टीची ओळ दोनदा वाच

भावा, तू विचारलंयस की शिरोलीतली नोकरी सोडून जर्मनीत सीएनसी ऑपरेटर म्हणून यायचं ठरतंय, ऑफर लेटरमध्ये वर्षाला २४ दिवस पगारी सुट्टी लिहिलीय, ती खरंच मिळते का, पहिल्याच वर्षी गणपतीला घरी येता येईल का आणि युनियनमध्ये गेलं तर व्हिसाची काय भानगड होते का. मी पण गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमधूनच इकडं आलोय, स्टुटगार्टजवळ आठ वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पगाराचं सगळे विचारतात, सुट्टीचं कोण विचारत नाही आणि मग आईला व्हिडिओ कॉलवरच बघत बसायला लागतं.

पहिलं म्हणजे त्या २४ च्या पुढं कुठला जर्मन शब्द आहे ते बघ. 'वेर्कटागे' असेल तर त्यात शनिवार पण धरलाय, म्हणजे आठवडा सहा दिवसांचा मोजलाय. इथला १९६३ चा सुट्टीचा कायदा किमान २४ वेर्कटागे देतो, म्हणजे चार आठवडे, सोमवार ते शुक्रवार काम करणाऱ्याला प्रत्यक्षात २० दिवस. 'आर्बाइट्सटागे' असेल तर खरे कामाचे २४. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्या कंपनीच्या कागदावर वेर्कटागे होतं, मी २४ धरून बहिणीच्या लग्नाचं सगळं गणित मांडलं, आणि ऐनवेळी कळलं की चार दिवस नाहीतच. हळदीला पोचलो नाही, अक्षतांच्या दिवशी सकाळी पोचलो. अजून वाईट वाटतं.

आता खरी गोष्ट. मेटल लाइनमध्ये ईगे मेटाल ही मोठी युनियन आहे आणि तिचा कंपन्यांच्या संघटनेशी जो करार असतो, त्याला टारिफफरट्राग म्हणतात, त्यात पाच दिवसांच्या आठवड्याला ३० दिवस सुट्टी आहे. पूर्ण सहा आठवडे. वर सुट्टीच्या दिवसांचा नेहमीचा पगार मिळतोच, शिवाय त्याच्या निम्मा आणखी सुट्टीभत्ता म्हणून मिळतो. माझं विमानाचं तिकीट बहुतेक त्यातनंच निघतं. लहान मूल असेल, घरात कुणाची सेवा करायची असेल किंवा शिफ्ट ड्युटी असेल तर २०१८ च्या करारापासून वर्षाचा एक जादा बोनस सोडून त्याबदली आठ दिवस सुट्टी घेता येते, अटी आहेत आणि अर्ज आदल्या वर्षीच करायला लागतो, पण पोरं झाल्यावर हे आठ दिवस सोन्यासारखे वाटतात. आपल्याकडं फॅक्टरी ॲक्टनं २४० दिवस भरले की वीस दिवसांमागं एक पीएल, म्हणजे पगारी रजा, मिळायची आणि ती मागताना पण सुपरवायझरच्या केबिनबाहेर उभं राहायला लागायचं, तो फरक लक्षात घे.

पण हे ३० दिवस सगळ्या कंपन्यांत नाहीत, म्हणून इंटरव्ह्यूत सरळ विचार, 'कंपनी टारिफगेबुंडन आहे का', म्हणजे कराराला बांधलेली आहे का. ह्यात लाजायचं काही नाही, जर्मन पोरं पहिलाच हा प्रश्न विचारतात. काही कंपन्या मालकांच्या संघटनेत असतात पण कराराशिवायच्या मेंबर म्हणून, त्यामुळं नुसतं 'आम्ही संघटनेत आहोत' ह्या उत्तरावर थांबू नको. आणि लायआर्बाइट, म्हणजे ठेकेदार एजन्सीकडून दुसऱ्याच्या शॉपमध्ये काम, असेल तर त्यांचा करार वेगळा असतो, सुरुवातीला सुट्टी कमी असते. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना पहिली ऑफर तीच येते.

युनियनचं म्हणशील तर व्हिसाला काहीही होत नाही. युनियनमध्ये जायचा हक्क इथल्या घटनेच्या नवव्या कलमात आहे आणि तो परदेशी कामगारालाही आहे. वर्गणी एकूण पगाराच्या १ टक्का. कायद्यानं करारावर हक्क मेंबरचाच असतो, कंपन्या सहसा सगळ्यांना देतात ही गोष्ट वेगळी, पण मी मेंबर झालो कारण मला उपकार नको होते, हक्क पाहिजे होता.

गणपतीचं जरा अवघड आहे. पूर्ण वर्षाच्या सुट्टीवर हक्क सहा महिने भरल्यावर येतो, त्याच्या आधी भरलेल्या प्रत्येक महिन्यामागं बारावा हिस्सा. प्रोबेशनमध्ये सुट्टी मिळतच नाही असं कोण सांगत असेल तर ते चूक आहे, साहेबाशी बोलून मिळते. अडचण दुसरीच, आमच्या राज्यात शाळांची उन्हाळी सुट्टी जुलै अखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत असते आणि पोरंबाळंवाल्यांना त्या काळात आधी सुट्टी द्यायची पद्धत आहे. गणपती ऑगस्टमध्ये आला तर तुझा नंबर मागं. नवरात्राला अंबाबाईला यायचं म्हणालास तर सहज जमतं. नाताळात कंपनी बंद ठेवतात, त्याचे काही दिवस तुझ्या खात्यातनं जातात, ते धरून हिशेब कर.

मी स्वतः चैत्रात येतो. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी असतो, त्यामुळं बऱ्याच वर्षी चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा आणि ईस्टर एकाच आठवड्यात पडतात, २०२२, २०२३ ला तसंच झालं होतं. शुक्रवार आणि सोमवार सरकारी सुट्टी, आधीचे चार आणि नंतरचे चार दिवस टाकले की आठ दिवसांत सोळा दिवस सलग मिळतात. बरं, दोन आठवडे सलग मागायला घाबरू नको, तेवढी सलग सुट्टी द्यायचं कायद्यातच आहे.

एक राहिलंच. घरी आल्यावर आजारी पडलास तर ते दिवस सुट्टीतनं कापले जात नाहीत, पण त्याच दिवशी कंपनीला कळवायचं, तिथला पत्ता द्यायचा आणि डॉक्टरचा तारखेसकट दाखला घ्यायचा. मला राजारामपुरीत असताना टायफॉइड झाला होता, दाखला होता म्हणून सहा दिवस परत मिळाले, माझ्या मित्रानं नंतर कळवलं, त्याचे गेले. आणि उरलेली सुट्टी साधारण ३१ मार्चपर्यंतच पुढं जाते. २०१८ ला युरोपियन कोर्टानं निकाल दिलाय की कंपनीनं आधी नीट सांगितलं नसेल तर ती आपोआप बुडत नाही, पण भांडत बसण्यापेक्षा घेऊन टाक.

ऑफर लेटरमधली सुट्टीची ओळ, कंपनीचं नाव झाकून, इथं टाक, मी बघून सांगतो वेर्कटागे आहे का काय ते. तोवर सही करू नको.